खालून हाक

दुपारी डबे उघडले होते तेव्हा गोडबोली तिच्या टेबलाशी आली, न विचारता डब्यातली काकडीची चकती उचलली, दाताखाली मोडली आणि म्हणाली, “तुमच्यात ना म्हणे, कुणाच्या घरी गेलं की जिना चढायच्या आधी खालून हाक मारतात? आणि वरच्यांनी एकेकानं ओ द्यायची? कित्ती छान गं! शुक्रवारी तेच करून दाखव ना.” एवढं बोलून गोडबोली पुढच्या टेबलाकडे सरकलीसुद्धा, आणि इकडे हिचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं या ऑफिसात काढली, पण आपण कुठल्या लोकांतल्या हे तिनं कुणाला, म्हणजे अगदी कुणालाही सांगितलं नव्हतं. ‘कुणी सांगितलं तुम्हाला?’ हा प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण तो विचारणं म्हणजे कबूल करणंच. म्हणून ती नुसती “आमच्यात?” एवढंच म्हणाली, तेही अशा सुरात की जणू हे सगळं आजच पहिल्यांदा कानावर येतंय. ते ऐकायला समोर कुणी नव्हतंच. पलीकडच्या टेबलावर चष्मेवाला आपल्या भाजीत मान घालून जेवत होता, आणि जरा जास्तच मन लावून जेवत होता असं तिला वाटलं.

गोडबोली हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. रजा, वाढदिवस, नवी माणसं आणि जुन्या माणसांची रडगाणी सांभाळणाऱ्या त्यांच्या हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक होतं की कुणीतरी पाठीमागे हे सुटसुटीत नाव ठेवलं आणि ते चिकटलं. यंदा बाईंच्या डोक्यातून ‘आपली ओळख’ नावाचं प्रकरण निघालं होतं. शुक्रवारी प्रत्येकानं आपल्या घरातलं, आपल्या लोकांतलं काहीतरी घेऊन यायचं. वस्तू, गाणं, पोशाख, काहीही. फोटो निघणार होते, ते खालच्या मजल्यावरच्या मोठ्या पडद्यावर झळकणार होते. हिशेबनीस आजोबांचा कोट घालून येणार होता. दाराशी बसणारी मुलगी अंगाई म्हणणार होती. हिनं आपलं आधीच ठरवून टाकलं होतं की एक साधा पितळेचा पेला न्यायचा, ‘आजीचा’ म्हणायचं आणि सुटायचं. पेला बाजारातून आणला होता. पेल्याला जात नसते, गाव नसतं, त्याच्यावरून कुणी कुणाला ओळखत नाही. इतका बेतशीर बंदोबस्त केलेला असताना हे खालून हाक मारण्याचं कुठून निघालं, ते तिला कळेना.

कंपनी कानाची यंत्रं बनवायची. तयार झालेलं प्रत्येक यंत्र शेवटी तिच्याकडे येई आणि ती ते घेऊन बिनआवाजाच्या खोलीत बसे. जाड गाद्यांच्या भिंती, दुहेरी दार; दार लागलं की बाहेरचं जग पुसलं जायचं. मग ती यंत्राला बारीक सूर ऐकवायची, मोठे ऐकवायची, आणि यंत्र मधूनच शीळ घालतंय का, खरखरतंय का ते पाहायची. सगळं मोजायला उपकरणं होतीच, पण उपकरणाला न सापडलेली खरखर हिच्या कानाला सापडायची, म्हणून ऑफिसात तिला मान होता. त्या दुपारी मात्र तिला यंत्रातलं काही ऐकू येईना. त्या खोलीत बराच वेळ बसलं की स्वतःचंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. तेवढंच येत होतं, आणि त्याच्या तालावर एकेक माणूस डोळ्यांसमोर येऊन उभं राहत होतं. चष्मेवाला? त्यानं एकदा बसथांब्यावर विचारलं होतं, “मूळचं कुठलं तुमचं?” ती म्हणाली होती, “तिकडचंच, डोंगराकडचं.” त्यावर त्यानं चष्मा काढून पुसला होता. आता चष्मा पुसणं हा काही गुन्हा नाही, पण तेव्हापासून कुणी चष्मा पुसायला लागलं की ती आपलं बोलणं आवरतं घ्यायची. की दाराशी बसणारी मुलगी? आलेले फोन तीच घेते. की खुद्द गोडबोलीनंच कुठूनतरी माग काढला? आणि माग काढला असेल तर तो नुसत्या कौतुकासाठी काढला असेल, यावर तिचा विश्वास बसेना. उगाच कौतुक करणाऱ्या माणसांचं तिला नेहमीच भय वाटत आलं होतं.

तिची माणसं खाणीवरची. डोंगराच्या पोटात दगडाची खाण, आणि चढावर एकावर एक रचल्यासारखी घरं. खाणीत सुरुंग उडाला की धूळ बसायची वाट न पाहता खालून कुणीतरी एकेका घराला हाक मारत वर यायचं, आणि घरातल्या प्रत्येकानं, तान्ह्या मुलाच्या वतीनं त्याच्या आईनं, ओरडून म्हणायचं, “आहे!” जे घर गप्प, तिकडे सगळी धावायची. पुढे सुरुंग दूर गेले, काही घरं शहरांत पांगली, पण सवय राहिली. कुणाच्याही घरी जायचं तर पायथ्याशी थांबायचं, वर तोंड करून घरच्या नावानं हाक मारायची, वरून ‘आहे, आहे’ आलं की मगच पाऊल उचलायचं. वर्षानुवर्षं खाणीच्या आवाजात बोलून सगळ्यांचे गळे मोठे आणि कान अधू. दोन माणसं सुखदुःखाचं बोलायला बसली तरी लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जुंपली यांची. त्या गलक्यात ही उशिरा बोलायला लागली आणि हळू बोलायला लागली, म्हणून हिचं नाव पडलं घुमी. शाळेच्या पटावर वेगळं नाव होतं, पण हाकेत तेच. खालून कुणी ‘घुमेऽऽ’ म्हटलं की तिची ‘आहे’ सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत बारीक यायची, आणि ती ऐकायला सगळी हसत थांबायची.

शाळेसाठी वडिलांनी सगळ्यांना शहरात आणलं तेव्हा ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. वडील खडीचा ट्रक चालवायचे. घरमालक सज्जन होता, खिशात गोळ्या ठेवायचा आणि तिला द्यायचा. मग एका रविवारी आत्या आली, पोराबाळांसकट, आणि रस्त्यावर उभी राहून तिनं सबंध गल्ली दणाणेल अशी हाक मारली. वडिलांचा चेहरा खुलला होता, ते तिला अजून आठवतं. त्यांनी खिडकीतून ओ दिली, मग आईनं, मग भावानं, मग हिनं. समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. संध्याकाळी घरमालक वर आला आणि वडिलांशी फार अदबीनं, फार हळू आवाजात बोलला. आम्हाला काही नाही हो, पण बाकीच्यांना त्रास होतो; शिवाय आमची जागा लागणार आहे भाच्याला. भाचा कधीच आला नाही. ट्रकवर सामान चढवताना वडील तिला म्हणाले, “शहरात बेल असते, घुमे. हाक मारायची नाही आणि ओ द्यायची नाही. बेल वाजली की दार उघडायचं.” पुढे त्यांनी ज्या ज्या जागा घेतल्या तिथे आत्या पुन्हा आली नाही. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. तिचं तीच समजली होती.

त्यामुळे आताचं घर घेताना ती सगळं शिकून आली होती. मालकीणकाकू तळमजल्यावर, ही त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर, मधल्या मजल्याला कुलूप. काकूंनी विचारलं, “घरात कोण कोण?” तर ही म्हणाली, “मी एकटी.” “येणारं-जाणारं?” “फारसं कुणी नाही.” आणि त्या घरात ती खरोखर छान राहिली, हे कुणीही कबूल केलं असतं. भिंतीत एक खिळा नाही. पडदे दोन भिंतींत दाबून बसणाऱ्या दांड्यांवर, चित्रं कपाटाच्या कडेला टेकवून. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याच्या चकत्या, कुंड्यांखाली ताटल्या, स्वयंपाकघराच्या फरशीवर धुता येणारी सतरंजी. रविवारी दुपारी उन्हाचा एक लांब पट्टा पुढच्या खोलीत यायचा आणि सरकत सरकत पलंगापर्यंत जायचा. ती त्यात पाय सोडून बसायची आणि तिला वाटायचं, आपण इथेच म्हातारं व्हावं. तिनं कशावर जीव लावला असेल तर या घरावर. चालताना टाचा टेकू नयेत हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. मालकीणकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, “वर भाडेकरू आहे की नाही तेसुद्धा कळत नाही हो!” यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र तिला कुणी दिलं नव्हतं. फक्त आई या घरी कधी आली नव्हती. ‘जिना फार आहे गं, तुझे गुडघे,’ ‘रंगकाम चाललंय,’ ‘मीच येते ना,’ असं दर वेळी काही ना काही निघायचं, आणि ही सुट्टी काढून भावाकडे जाऊन आईला भेटून यायची. आईनंही कधी हट्ट धरला नाही. एकदा फक्त म्हणाली होती, “तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते तरी सांग.”

त्या सगळ्या काळात एकदाच चूक झाली होती, आणि ती आठवली की तिच्या कानशिलांत अजून ऊन चढायचं. ती भांडी घासत होती. नळ सुरू, हात साबणात, डोकं रिकामं. खालून रस्त्यावरून एक भंगारवाला चालला होता. तो खाणीवरचा असला पाहिजे, कारण त्यानं कुठल्याशा ओळखीच्या घराला हाक घातली ती त्या हेलातली, शेवटचं अक्षर डोंगर चढल्यासारखं वर नेणारी. हाक हिच्यासाठी नव्हती. पण हिचा गळा तिच्या आधी धावला. “आहे!” ती ओरडली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, भरदुपारी. मग नळ बंद करून ती तशीच उभी राहिली, साबणाचं पाणी कोपरांवरून ओघळत. खाली वाळत घातलेल्या काकूंच्या चादरी हलत होत्या. त्यांच्यामागे कुणी होतं की नुसता वारा होता, हे तिला कळलं नाही. पुढचे कितीतरी दिवस काकूंच्या आवाजात काही फरक पडलाय का, ते ती कान लावून तपासत राहिली. काकूंचा आवाज होता तसाच गोड होता. मग तिनं स्वतःची समजूत घातली की कुणी ऐकलं नाही.

आज संध्याकाळी ती घरी आली तेव्हा काकू फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. पाइपावरचं बोट न काढता त्या म्हणाल्या, “काय गं, शुक्रवारी काय आहे तुमच्या ऑफिसात?” “कुठे काय,” ती म्हणाली, “आपला एक कार्यक्रम.” “नाही, तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता मला. तुझा पत्ता हाच ना, जिना किती, गाडी फाटकापर्यंत येते का, असलं काय काय विचारत होत्या. फारच गोड बोलतात बाई!” काकूंनी पाण्याची धार एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर नेली. गाडी? कसली गाडी? घरमालकिणीला फोन करण्याएवढं ऑफिसचं काय अडलं होतं? म्हणजे दोन्हीकडची माणसं आपल्या पाठीमागे एकमेकांशी बोलतात. आणखी काय काय बोलली असतील? ती जिना चढली, टाचा न टेकता, आणि दार लावून घेतल्यावर तिला दिसलं की आपण किल्ली मुठीत इतकी आवळून धरली होती की तळव्यावर तिचे दाते उमटले होते.

आईला फोन लावला तो काही विचारायचं म्हणून नव्हे. धास्ती वाटली की ती आईला फोन करायची आणि भलतंच काहीतरी बोलत बसायची, तसाच. पण आईनंच सुरुवात केली. “तुझ्या ऑफिसातली बाई फार गुणाची गं! तासभर बोलली माझ्याशी.” “कोण बोललं?” “अगं तीच, सणासमारंभाची. ऑफिसच्या कागदावरचा नंबर बघून दादाकडे फोन केला, म्हणाली, तुमच्या लेकीला चकित करायचंय, तिला सांगू नका. आमच्याकडची रीत विचारली. मी सांगितलं सगळं. सुरुंगाचं सांगितलं, हाकेचं सांगितलं, तुझ्या बारीक ओचं सांगितलं. हसली बाई पोटभर. गाडी पाठवते म्हणाली, गुरुवारी ये, शुक्रवारी मायलेकींनी मिळून करून दाखवा म्हणाली. सांगायचं नव्हतं, पण तू फोन केलास आणि मला राहवेना.” कपाटावरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. माणूस आपल्यावर पाळत ठेवणारा शोधत शहरभर फिरावा आणि तो आपल्याच आईच्या आवाजात बोलावा, यावर हसावं की रडावं ते तिला समजेना. “तुला नको असेल तर नाही येत हं,” आई म्हणाली. “नको कशाला असेल? ये ना,” ही म्हणाली. मध्ये जरासाच वेळ गेला होता. “यंत्र तूच लावून दिलंस ना माझ्या कानाला,” आई म्हणाली, “फार चांगलं आहे. त्यात तुझं गप्प बसणंसुद्धा ऐकू येतं.” आणि हसत फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं गोडबोलीला गाठलं आणि जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं की हे मला करायचं नाही. “अगं लाजतेस काय!” गोडबोलीनं तिचे दोन्ही हात धरले. बाईंचे हात गरम होते आणि खरंच प्रेमळ होते, हीच त्यातली अडचण होती. “अभिमान वाटायला पाहिजे आपल्याला! वरच्या साहेबांना तुझ्याबद्दल सांगितलं मी. तुमच्या लोकांतलं कुणी आपल्याकडे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. खूश झाले.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “खरं सांगू? आमच्या सोसायटीत खाणवाल्यांना घर देत नाहीत. मीटिंगमध्ये तसं ठरलंय. मला इतकं वाईट वाटतं ना!” “मग तुम्ही मीटिंगमध्ये काय म्हणालात?” हिनं विचारलं. गोडबोली क्षणभर गोंधळली. “मी एकटी काय म्हणणार गं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा उजळल्या. “म्हणून तर शुक्रवार!” हिनं आपले हात अलगद सोडवून घेतले आणि बिनआवाजाच्या खोलीत जाऊन बसली. समोर यंत्रांचा ट्रे पडला होता. एका दिवसासाठी माइक देणारी माणसं आणि उरलेल्या दिवसांसाठी घर न देणारी माणसं ही वेगवेगळी असतात, असं ती आजवर समजत होती. तो समजही गेला.

गुरुवारी तिनं रजा काढली. घर झाडूनपुसून लख्ख केलं, मग उगाच पुन्हा पुसलं. आईची गाडी बसस्थानकावर दुपारी लागणार, तिथून ऑफिसची गाडी तिला घेऊन येणार. आपणच स्थानकावर जायचं, आईला सोबत घेऊन यायचं, बोलत बोलत फाटक ओलांडायचं, म्हणजे हाकेचा प्रश्नच येणार नाही, असा तिचा बेत होता. ती केस विंचरत होती तेवढ्यात बेल वाजली. दारात मालकीणकाकू, हातात घडी घातलेली रजई आणि उशी. “आई येणार ना आज? तुमच्या बाईंनी कळवलं. तुझ्याकडे जास्तीचं अंथरूण नसेल म्हटलं.” तिला भरून आलं. इतके दिवस आपण या बाईचा संशय घेतला, याची लाज वाटली. ती ‘काकू, आत या ना’ म्हणाली, काकू आल्या, इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, “काय सुंदर ठेवलंयस गं घर!” आणि रजई पलंगावर ठेवता ठेवता, अगदी सहज म्हणाल्या, “एक सांगू का? मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.”

काकू उशीचा अभ्रा नीट करत होत्या. “त्या भंगारवाल्याला ओ दिली होतीस तू. मी खाली कपडे काढत होते. म्हटलं, अगं बाई, ही त्यांच्यातली! घरात सांगितलं तर हे म्हणाले, जागा खाली करून घे. मीच म्हटलं, नाही, पोरगी चांगली आहे. स्वतःचं काही बाहेर दाखवत नाही, आवाज नाही, येणं-जाणं नाही. कशावरूनही कळत नाही. मग आपल्याला काय करायचंय? माणूस कसा राहतो ते बघायचं.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आईला तेवढं सांग हं, खालून हाक नको म्हणावं. समोरची माणसं कशी आहेत, तुला माहीत आहे. नवा करार आपण पुढच्या महिन्यात करूच, त्याची काळजी नको.” “हो काकू, सांगते,” ती म्हणाली. काकू गेल्या. ती पलंगाच्या कडेवर बसली. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं, निदान रडता आलं असतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण काहीतरी लपवून या घरात राहतोय. लपलेलं काहीच नव्हतं. लपून राहणं हेच तिचं भाडं होतं आणि ते ती चोख भरत आली होती. तिनं नमद्याच्या चकत्या लावलेल्या खुर्चीकडे पाहिलं, दाबून बसवलेल्या पडद्याच्या दांडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या सुंदर घराचा राग आला. राग आला तरी ते घर हवंच होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि फोन हातात होता, आणि आईला सांगायचं होतं.

तिनं नंबर लावला नाही. कसं सांगणार? ‘आई, तू ये, पण तू असल्याचं कळू देऊ नकोस’? वडिलांनी आत्याला असं कधी सांगितलं नव्हतं, आणि तरी आत्या आली नव्हती. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. स्थानकावर जायची वेळ होत आली होती, चपला पायात घालायच्या होत्या, पण पाय हलेनात. रस्त्यावर एक गाडी थांबल्यासारखी वाटली, की ती समोरच्यांची होती? आता हाक येईल, या धास्तीनं तिचे खांदे वर चढले. हाक आली नाही. फाटक करकरलं नाही. जिन्यावर कुणाची चाहूल नाही. हिचे कान बारीक खरखर पकडणारे, त्यांनाही काही लागलं नाही. आणि दारावर टकटक झाली, अगदी बोटाच्या पेरानं केलेली. तिनं दार उघडलं. आई उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. अनवाणी चढून आली होती, धाप लागली होती आणि ती धापसुद्धा तोंडावर पदर धरून घेत होती. डोळे मात्र हसत होते. “लवकर पोचले,” आई कुजबुजली. आयुष्यात कधी ती कुजबुजली नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमतही नव्हतं. “हाक नाही मारली बघ. तुझं घर आहे, मला कळतं.”

खाणीवर हाक न मारता घर चढायची एकच वेळ असायची. वडील गेले तेव्हा त्यांना खाणीवरच्या घरी नेलं होतं, आणि सगळी माणसं तशी आली होती. सकाळपासून चढावर नुसती पावलं वाजत होती, कुणी वर तोंड करत नव्हतं, कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं, आणि हिच्याजवळ येऊन बसत होती. कारण त्या दिवशी हाक मारली तर घरातल्या एकाची ओ येणार नसते. आई त्या दिवशी दाराशी बसून ती मुकी पावलं ऐकत होती. ती आई आज त्याच पावलांनी दोन मजले चढून लेकीच्या दारात उभी होती, आणि आपण फार शहाणपणा केला म्हणून खूश होती. हिनं दाराची चौकट घट्ट धरली. आईला हे सगळं कधीपासून माहीत होतं? पहिल्या ‘रंगकाम चाललंय’पासून?

“आई,” ती म्हणाली, “खाली जा.”

आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. “चुकलं का गं काही? कुणी पाहिलं का? मी तर...”

“नाही. खाली जा, चपला घाल आणि पुन्हा ये. नीट ये.” एवढं तिनं घरच्या बोलीत म्हटलं, जी या जिन्यात कुणी कधी बोललं नव्हतं, आणि हळू म्हटलं नाही.

“तुझं घर जाईल, घुमे,” आई म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती.

“जाईल.”

“आवडतं ना तुला?”

“फार आवडतं.”

आईनं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली. चपला खाली टाकल्या, एकेक पाय सरकवून घातल्या आणि कठडा धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी वाजवत खाली उतरू लागली. मधल्या मजल्यावर थांबून तिनं दम खाल्ला. ही दार सताड उघडं टाकून पुढच्या खोलीच्या खिडकीशी आली. आई खालूनही हाक मारणार नाही, लेकीच्या घराच्या मायेनं पुन्हा गुपचूपच चढून येईल, अशी शंका तिला मधेच चाटून गेली. आई फाटकाबाहेर आली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचला, कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं आणि वर पाहिलं. समोरच्या घरात कुणीतरी चहा पीत खिडकीत आलं होतं. तळमजल्यावर काकूंच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. हिला तो स्पष्ट ऐकू आला.

“घुमेऽऽ!”

समोरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. काकू ओट्यावर आल्या, आधी रस्त्याकडे आणि मग मान उंचावून वर पाहू लागल्या. हिनं खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि पोटातून ओरडली, “आहे!”

आवाज बारीक आला नाही. आई खाली मान वर करून तशीच उभी होती, तिचा विश्वास बसला नसावा. म्हणून हिनं पुन्हा एकदा ओ दिली.